उभी गाडी

आमची ही गेल्यापासून उभी असलेली मोटरसायकल किका मारून मारून सुरू होईना, म्हणून ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या शिवाकडे नेली. त्यानं कार्बोरेटर खोलला. आत पेट्रोल आटून काकवीसारखं चिकट झालेलं. पेट्रोल जायचं केसाएवढं भोक त्या चिकट थरानंच बुजलं होतं. वायरीतली एक बारीक तार घेऊन शिवा ते हलक्या हातानं मोकळं करत राहिला.

"काका, बिघाड काही नाही. नुसती उभी राहून झालंय. रोज कुठंतरी चक्कर मारत जा."

कुठं, ते मी विचारलं नाही. हल्ली दूधवाल्याशी बोलतानाही माझा पहिला शब्द घशातच अडकतो.

सकाळी एका किकेत गाडी सुरू झाली. निघालो, तो थेट गॅरेजवर.

"आता काय झालं, काका?"

"काही नाही. छान चाललीय. तेवढंच सांगायला आलो."