शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावाला तुम्ही कधी गेला असाल, तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, बूट हातात धरलेले एक गृहस्थ नक्की पाहिले असतील. मासे ते कधी विकत घेत नसत. शिंगाळा दिसला की दोन बोटांनी त्याचं तोंड उघडून आत डोकावत आणि म्हणत, "आधी बघा, मग बोला."

ते आमचे सर. मासे आणि मासेमारीवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीचे प्रमुख. मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. माशाशी ओळख ताटापुरती. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "हिला होडी सोसेल का?" सर म्हणाले, "मला कुठे सोसते? मी तर ओकतो." झाली माझी निवड.

शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं सुटेपर्यंत काही खात नाही. सरांनी पहिल्याच दिवशी ती पिवळी अंडी दाखवली. "बघ, बाप उपाशी राहतो, पण पोरं गिळत नाही." एवढं म्हणेपर्यंत शिंगाळ्याचा काटा त्यांच्या अंगठ्यात घुसला. हात टम्म सुजला, तरी डाव्या हाताने थर्मासातला चहा आधी आम्हा पोरांना ओतला. या माणसावर माझा जीव होता, हे कबूल करते.

असे अंडीवाले नर खाडीच्या तोंडाशी किती सापडतात, ते मी दोन वर्षं नोंदवत होते. मासे विकणारी एक मावशी ते माझ्यासाठी बाजूला ठेवायची. नायगावच्या बाजूने खाडीत भराव पडणार, ही तिची धास्ती; अहवालात अंड्यांची नोंद आली तर तो अडेल, ही आशा.

"आमचं पानी कागदावर येल ना, सर?"

"येणार म्हणजे येणार, मावशी."

अहवाल द्यायच्या आधी सर मला म्हणाले, "शेवटच्या पानावर सही करून ठेव. उगाच फेऱ्या नकोत, बाकीचं मी बघतो." आमच्यात सगळेच अशी कोऱ्यावर सही ठेवतात. मीही ठेवली.

छापून आलेल्या अहवालात खाडीच्या तोंडाचं अख्खं प्रकरण नव्हतं. त्या जागी एकच ओळ होती: 'या भागात माशांच्या प्रजननाचा पुरावा आढळला नाही.' खाली माझी सही. सुरुवातीला शिष्यवृत्तीच्या देणगीदाराचे आभार. भराव त्याचाच होता, हे मला तेव्हा कळलं.

मी लिलावात सरांना गाठलं आणि अंडीवाल्या शिंगाळ्याचं तोंड उघडून त्यांच्यासमोर धरलं. "सर, आधी बघा."

त्यांनी पाहिलं नाही. हातातले बूट एकमेकांवर आपटून वाळू झाडत राहिले. "देणगी बंद झाली असती, तर पुढच्या पोरांना काय दिलं असतं मी?"

त्यांनी मला फसवलं, तेही पोरांचं नाव पुढे करून. तो राग अजून गेलेला नाही. त्यानंतर सर पाचूबंदरला फिरकले नाहीत.

मावशीला वाचता येत नाही. अहवालाची प्रत तिने हौसेने मागून घेतली होती. खरं सांगायला मी तीनदा गेले आणि तीनदा तिने दिलेले मासे घेऊन परत आले.

काल चौथ्यांदा गेले. तिने देव्हाऱ्यामागून प्लास्टिकच्या पिशवीतला अहवाल काढला, पदराने पुसला.

"परवा भरावाची सुनावनी हाय," ती म्हणाली. "ह्योच कागद दाखवनार मी सायबाला. खाली तुजी सही हाय ना गो!"