पुढचा प्रदेश लवकरच

मी केमिस्ट्री शिकवते. अमरावतीला, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये. तेव्हा सकाळी दोन बॅच, मधे दुपारची फट, संध्याकाळी पुन्हा दोन. दिवसभर ओरडून घसा बसायचा, पोटऱ्या भरून यायच्या, आणि खोलीवर आलं की वाटायचं आता कोणी 'मॅडम' म्हणून हाक मारू नये. त्या दुपारच्या फटीत मी बरीच वर्षं गेम खेळायचे. हे सांगितलं की बाया म्हणायच्या, "या वयात?" आणि क्लासमधली पोरं म्हणायची, "मॅडम, खरंच?" दोघांनाही माझं उत्तर एकच होतं. तुमच्या बापाचं काय जाते?

नवरा अकोल्याला. एका सरकारी खात्यात पाण्याच्या पंपावर शिफ्टची नोकरी, सकाळची पाळी दोनला सुटते. लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं, बदली अमरावतीला मागितली आहे, वर्षभरात होऊन जाईल. मी म्हटलं ठीक. मग दर उन्हाळ्यात बदल्यांचा हंगाम यायचा आणि हा फोनवर म्हणायचा, "यंदा पक्की समज." माझ्या चांदूर रेल्वेच्या माहेरी तर त्याच्या 'पक्की'ची थट्टा चालायची. मी पण हसायचे आधी. नंतर हसायचं सोडून दिलं.

मला एवढंच पाहिजे होतं की एका घरात राहावं. फार काही नाही. संध्याकाळी दार उघडल्यावर आत कोणीतरी असावं.

गेम सुरू झाली तीही याच्यामुळेच. फोनवरचं बोलणं संपून गेलं होतं. "जेवली का?" "जेवली. तुमी?" "हो, मीबी." मग दोघं गप्प, आणि फोन ठेवायचं धाडस कोणालाच नाही. एक दिवस तो म्हणाला, दोघांनी मिळून खेळायची एक गेम आली आहे, तलवारी-कुऱ्हाडीची, घेऊ का? मी म्हटलं, घ्या. निदान कोणाला तरी मारू.

ती अर्ली ॲक्सेसमधली होती. हे काय असतं ते मी माझ्या आईला असं समजावलं होतं: भाजी शिजता शिजताच पानात वाढतात. बनवणारे म्हणतात, अर्धी झाली आहे, खाऊन पाहा, मीठ कमी वाटलं तर सांगा, टाकू. आई म्हणाली, "अन् पैसे?" म्हटलं, पैसे आधीच. आई म्हणाली, "मंग लय हुशार हायेत थे."

पण खोटं कशाला बोलू, भाजीला चव होती. धुक्यातलं एक बेट, पडके किल्ले, दलदल, आणि आम्ही दोघं. त्याच्याकडे ढाल, माझ्याकडे दोन हातांनी उचलायची कुऱ्हाड. त्या कुऱ्हाडीला वजन होतं. घाव बसला की बाभळीच्या खोडात रुतल्यासारखा बसायचा, हातातला कंट्रोलरसुद्धा थरारायचा. दुसऱ्या गेममध्ये बटनं बडवली की समोरचा मरतो. इथं नाही. प्रत्येक शत्रूची खोड वेगळी. एक जण वार करायच्या आधी खांदा उडवायचा, एक जण मुद्दाम थांबून फसवायचा. घाई केली की मेलात. कुठं जायचं ते दाखवणारा बाण नव्हता, नकाशा नावालाच. आम्ही चुकायचो, भांडायचो, चुकता चुकता एखादं तळं सापडायचं. त्याने ढाल धरायची आणि मागून मी निघायचं, ही आमची रीत. हेडफोनमध्ये मी त्याला अरे-तुरे करायचे, "सरक ना बाजूले, खांब हाये का तू?" अकोल्याच्या घरी सासूबाईंसमोर तोच माणूस 'अहो' व्हायचा.

त्याच्याकडून कूलरची घरघर सारखी ऐकू यायची. अकोल्याचं ऊन, तो कूलर बंद करणार कसा? मला ती घरघर आवडायला लागली होती. ती ऐकली की घरात बसल्यासारखं वाटायचं.

आता वाईटही सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम कौतुकच करून राहिली. दलदलीत पाऊल टाकलं की गेम अडखळायची, रिक्षा खड्ड्यात गेल्यासारखी. नवरा चालता चालता जमिनीत गडप व्हायचा आणि खालून ओरडायचा, "अवं, मी कुठं हावो?" एक लोहार होता, तो कुऱ्हाडीला धार लावायला निळं लोखंड मागायचा. आम्ही बेटभर भटकलो. नंतर कळलं की ते लोखंड अजून गेममध्ये टाकलंच नव्हतं! मी असं संतापून लिहिलं बनवणाऱ्यांना, वाचून कोणाला तरी रडू आलं असेल. त्यांनी पुढच्या अपडेटमध्ये दलदल दुरुस्त केली आणि पूल मोडून ठेवला. त्याच्या पुढच्यात माझ्या कुऱ्हाडीचा जोरच कमी केला, म्हणे समतोल साधला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पूर्वेचा दरवाजा. तिथं दगडी तोंडाचा एक राक्षस होता, त्याला मारलं की पुढं निव्वळ एक भिंत. भिंतीवर पाटी: पुढचा प्रदेश लवकरच. ही गेम खेळणाऱ्या इतरांनी तो मारला होता, ते सांगायचे. आमचं मात्र तिथवर जाऊन परत येणं चाललं होतं, आणि त्याला कारण माझा नवरा.

हा माणूस काही खर्चच करायचा नाही. गेममध्ये लाल बाटल्या मिळतात, प्यायलं की जखमा भरतात. हा एक बाटली प्यायचा नाही. सगळ्या छावणीतल्या पेटीत नेऊन भरायचा. मरायला टेकला तरी नाही. मी विचारलं, "कावून नाई पेत तू?" म्हणाला, "शेवटच्या लढाईले लागतीन." त्याला बोलून तरी काय उपयोग, आमच्याकडं सगळ्यांची तीच रीत. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, नवी चादर सणासाठी. माझ्या लग्नातलं आंदण, आईबापानं दिलेली सगळी भांडीकुंडी, मिक्सर, डिनरसेट, अकोल्याच्या मागच्या खोलीत खोक्यातच पडलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "दोघं एका जागी राहाल तवाच उघडजा." आणि ते मलाही पटलं होतं. अमरावतीच्या खोलीत मी दोन पातेल्यांवर वर्षानुवर्षं काढली, घरी नवा मिक्सर असून वरवंट्यानं चटणी वाटली. एका घराचं सामान दोन घरांत फोडायचं नाही म्हणून. सांगितलं तर तुम्ही हसाल, पण आमच्याकडं कोणी हसलं नाही.

मग एका उन्हाळ्यात बनवणाऱ्यांनी जाहीर केलं की पूर्ण गेम येते आहे. आनंदाची बातमी. खाली बारीक अक्षरात असं की जुनी पात्रं पुढं येणार नाहीत, जमवलेलं सगळं पुसलं जाईल, प्रत्येकाने पहिल्यापासून सुरू करावं.

मी म्हटलं, "ऐकलं का? पेटी गेली."

"ठेवतीन काहीतरी सोय."

"नाई ठेवत. लिहिलं हाये सरळ."

"पाहू ना. थांब थोडं."

थांब थोडं! मला त्या दोन शब्दांची इतकी चीड येऊन गेली होती की मी पाण्याचा ग्लास आपटला. त्याच आठवड्यात बदल्यांचे आदेश निघाले होते आणि त्याचं नाव पुन्हा नव्हतं. त्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नव्हतो. बोलायचं काय त्यात? उन्हात उभं राहून राहून माणूस ऊनही विसरतो, तसं झालं होतं.

पुसलं जायच्या आदल्या दुपारी मी त्याला ओढून पूर्वेच्या दरवाज्यापाशी नेलं. म्हटलं, पेटीतल्या साऱ्या बाटल्या कमरेला बांध, आज उरकून टाकू. त्याने बांधल्या. लढाई चांगली चालली होती, खरंच चांगली. राक्षसाचं अर्धं तोंड फुटलं. मग त्याचा एक फटका ढाल चुकवून लागला आणि नवरा गुडघ्यावर आला.

"पे!" मी ओरडले. "पे लवकर!"

"थांब, अजून याचं दुसरं रूप निघन..."

"पे ना रे बाबा! उद्या काय करशीन त्यायचं?"

तो नाही प्यायला. कमरेला सगळ्या बाटल्या बांधलेल्या, आणि तसाच मेला. मग एकटी मी किती टिकणार? मीही मेले. पडद्यावर अंधार झाला.

कूलरची घरघर तेवढी येत होती. तो म्हणाला, "अवं, मले नाई वाटत आता बदली होईन म्हणून."

इतकी वर्षं मला वाटायचं, हा असं म्हणेल तेव्हा मी आकाशपाताळ एक करेन. तसं काही झालं नाही. आधी एकदम हलकं वाटलं, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. मला किती थकवा आला होता ते तेव्हा समजलं. रोज उठून आशा करायची म्हणजे काही कमी काम नाही.

"मंग?" तो म्हणाला.

"तू सोडशीन नोकरी?"

"नाई." हे मात्र त्याने लगेच सांगितलं.

"मी सोडू?"

"नको. तुह्याशिवाय त्या पोरायकडं कोन पायन?"

"पोरं गेली खड्ड्यात. माह्याकडं कोन पायते?"

प्रश्न एकदा तोंडातून निघाला की मागे घेता येत नाही. पुढच्या महिन्यात मी संध्याकाळच्या बॅच सोडल्या, राजापेठेतली खोली सोडली, आणि अकोल्याहून अप-डाउन सुरू केलं. सकाळी अंधारात उठून गाडी, मूर्तिजापूर येईपर्यंत उभ्याने, बडनेऱ्याला उतरून ऑटो, मग क्लास. येताना तेच उलटं. हाडाची काडं होतात. घरी पोचते तेव्हा बोलायला तोंडात जीव नसतो.

आल्या आल्या आंदणाची खोकी उघडली. मिक्सरचं रबर चिकटून वितळलं होतं, चालूच होईना. सासूबाई म्हणाल्या, "चांगला व्हता ना वो! वापरलाच नाई तं बिघडला कसा?" डिनरसेट मात्र धड आहे, त्यात आता रोजचं वरण-भात जेवतो.

पूर्ण गेम आली. ती त्याने एकट्याने सुरू केली, कारण मी बसल्या जागी झोपते. जेवताना तो सांगायचा. दलदलीत आता अडखळत नाही. निळं लोखंड सापडते. पूर्वेची भिंत गेली, तिकडं मोठं शहर आहे. पण रस्ता दाखवायला बाण आणून बसवला, त्यामुळे चुकायची मजा गेली. आणि राक्षस पहिल्यापेक्षा नरम केला, तेही त्याला आवडलं नव्हतं. मी म्हटलं, अर्धी होती तेव्हाच बरी होती का मग? म्हणाला, "तसं नाई. तवा तू होती."

परवा क्लासला सुट्टी होती. दुपारी सासूबाई भजनाला गेलेल्या. मी त्याच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसले, म्हटलं, शेवट कसा आहे गेमचा?

म्हणाला, "पायला नाई."

"इतके दिवस झाले अन् पायला नाई?"

"शेवटच्या दरवाज्यापाशी उभा हावो महिनाभर. म्हटलं, तुले जराशी फुरसत भेटली का संगं पाहू."

मला इतका राग आला, आणि त्याच वेळी या माणसावर इतकी माया आली, की काय करू कळेना. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"थांबू नोको," मी म्हटलं. "आता कशासाठीच थांबू नोको. खेळ. मले झोप लागली तरी उठवू नोको."

तो "बरं" म्हणाला आणि त्याने दार ढकललं. आत मोठा दिवाणखाना होता, मशाली होत्या, कोणीतरी सिंहासनावरून उठत होतं. तेवढं मी पाहिलं. मान त्याच्या खांद्यावर कधी टेकली ते मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा पडद्यावर बनवणाऱ्यांची नावं सरकत होती. त्याने मला उठवलं नव्हतं.

"झालं?"

"झालं."

"कसं व्हतं?"

"लय भारी व्हतं." मग म्हणाला, "तू पायजे होती."

"मी इथंच होती ना," मी म्हटलं.