शकुबाईनं अकरा वर्षं न घेतलेलं नाव

शकुबाईच्या घरी त्या जनावराचं नाव घेतलं की चहा मिळत नाही. मला दोनदा मिळाला नाही. दुसऱ्या वेळी तर आधण उकळत होतं आणि मी बोलता बोलता म्हणून गेलो, "काल नाल्याच्या पुलावर वाघ दिसला म्हणे." बाईनं पातेलं उतरवलं, अंगणात नेऊन जास्वंदीच्या बुडाशी ओतलं आणि म्हणाली, "गुर्जी, घरी जा."

घरी आलो आणि बायकोवर चिडलो. मला राग लवकर येतो, गावात कुणालाही विचारा. बत्तीस वर्षं मास्तरकी केली. भूत नसतं, नजर लागत नाही, मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला गेलं, हे पोरांना घसा फोडून शिकवलं. आणि माझ्याच कुंपणापलीकडे एक शहाणीसुरती बाई एका शब्दाला भिऊन जगते! डोकं फिरणार नाही तर काय होईल?

शहाणीसुरती मी उगाच म्हणत नाही. सावली या तालुक्याच्या गावापासून तेरा किलोमीटरवर आमचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल. रोवणीच्या दिवसांत तीस-तीस बायांची रांग शकुबाई एकटी चालवते. कोणाची गाय अडली तर आधी तिला हाक जाते, मग डॉक्टरला फोन. ग्रामसभेत सरपंचाला उभं करून जाब विचारणारी गावातली ती पहिली बाई. अशी ही शकुबाई दोन नावं मात्र घेत नाही. एक नवऱ्याचं. ते आमच्याकडच्या जुन्या बाया कोणीच घेत नाहीत, ती "दिव्यानीचा बाप" म्हणते. दुसरं त्याचं, ज्यानं त्या नवऱ्याला नेलं. त्याला ती नुसतं "थो", म्हणजे तो, म्हणते. फार झालं तर "जंगलाचा धनी".

जंगलात गेलं की नाव घ्यायचं नाही, घेतलं की तो ऐकतो आणि येतो, ही समजूत इथं सगळ्यांचीच. पण घरी चुलीपुढे बसून बाकीचे लोक खुशाल बोलतात. शकुबाई घरातही बोलत नाही. त्याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीचा चैत्र. वारलू, म्हणजे तिचा नवरा, आणि ती नाल्याकाठच्या आपल्या मोहाच्या झाडाखाली फुलं वेचत होते. वारलूच्या अंगात कणकण होती, तो घरी चल म्हणून मागं लागला. ही हसली आणि भर जंगलात म्हणाली, "भेता का वाघाले?" तिची टोपली अर्धीही भरली नव्हती, तेवढ्यात वीस पावलांवरून वारलूची एकच हाक आली. "म्याच बलावलं, गुर्जी," ती मला म्हणाली. "नाव घेऊन बलावलं." मयतीत ती रडली नाही. लोक म्हणाले, काय दगडाची बाई आहे. मी तिला हजारदा समजावलं असेल, रागावून समजावलं, प्रेमानं समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या कामाला लागायची.

खरं सांगायचं तर हा शब्द माझ्याही मागे लागला होता. धानोऱ्याला बदली झाली तेव्हा पोरांनी गोंडीत सांगितलं, पुल्ली. पुढे सिरोंचाला गेलो तर तेलुगूत पुली. म्हटलं, बाप्पा, हे तर एकाच घरचे! मग मुलचेऱ्याला बंगाली लोकांच्या वस्तीत शाळा मिळाली. तिथं बाघ, आपल्या वाघाचा सख्खा भाऊ, दोघंही संस्कृतातल्या व्याघ्राची लेकरं. जुने पंडित व्याघ्र म्हणजे वास घेणारा असा अर्थ लावतात. पण तिथला एक म्हातारा, मूळचा सुंदरबनाच्या बाजूचा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्टरमोशाय, वनात बाघ म्हणायचं नाही. मामा म्हणायचं."

निवृत्त झाल्यावर हातात मोबाईल आला आणि शंभर पानी वही भरत गेली. इंग्रजांचा टायगर ग्रीकांच्या तिग्रिसपासून आला. तो शब्द त्याहून जुन्या इराणी भाषेतला असावा, टोकदार-धारदार अशा अर्थाचा, म्हणजे आपल्या 'तीक्ष्ण'शी त्याचं लांबचं नातं निघू शकतं. फारसीत बब्र. चिनी माणूस लाओहू म्हणतो, त्यातला लाओ म्हणजे थोरला. सुमात्राच्या जंगलात त्याला आजोबा म्हणतात. व्हिएतनामात तर "श्रीयुत तीस" म्हणतात, आता बोला! रशियात भीती अस्वलाची, तर तिथले लोक अस्वलाचा मूळ शब्दच विसरून गेले. आज वापरतात त्या शब्दाचा अर्थ मध खाणारा. सोळा भाषा झाल्या माझ्या वहीत.

हे सगळं मी शकुबाईला ऐकवलं. नाव न घेता ऐकवलं, कारण चहा हवा होता. वाटलं, तिला कळेल की ही माणसाची साधी भीती आहे आणि ती सगळीकडे सारखीच आहे. तिनं मन लावून ऐकलं, कप पुढं केला आणि म्हणाली, "पाहा गुर्जी. साऱ्या दुनियेले समजते. तुमालेच नाई समजत."

घ्या! माझीच वही माझ्या डोक्यात घातली.

यंदा मोहफुलं वेचायच्या दिवसांत दिव्यानी गावी आली. शकुबाईची एकुलती एक पोर, बाप गेला तेव्हा आठ वर्षांची, आता गडचिरोलीला कॉलेजात. गावच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी, आणि तोंडाळपणात माझ्यावरच गेलेली. आल्या आल्या तिनं काढलं, "नाल्याजवळचा मोह मी वेचतो यंदा."

आमच्याकडे जंगलातल्या मोहावरही घराघराची वहिवाट असते. ज्याचा मोह त्यानंच वेचायचा, दुसरा हात लावत नाही. त्यामुळे वारलूच्या झाडाची फुलं अकरा वर्षं मातीत कुजत होती. "माझ्या बापाचा मोह आहे थो," दिव्यानी म्हणाली. "काऊन सोडाचा?"

"नाई," शकुबाई म्हणाली.

दोघी भांडत माझ्या ओट्यावर आल्या, न्याय करा म्हणून. खरं तर महिनाभरापूर्वीच पलीकडच्या गावची एक बाई सरपण आणायला गेली आणि परत आली नव्हती. वनरक्षक घरोघरी सांगून गेला होता, उजाडल्याशिवाय जाऊ नका, एकटं जाऊ नका, फार वेळ वाकून राहू नका, वाकलेला माणूस त्याला चार पायांचं जनावर वाटतो. हे सगळं मला माहीत होतं. पण मी पडलो मास्तर. मला जिंकायचं होतं. "झाडाचा काय गुन्हा, शकुबाई?" मी म्हणालो. "जाऊ द्या पोरीला. आन् नाव घेतल्यानं थो येत असता, तं सरकारनं जंगलात कॅमेरे कायले लावले असते?"

शकुबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मंग तुमी बी चाला, गुर्जी. तुमचंच शिकवलेलं हाये नं हे."

उजाडल्यावर गावच्या बायांसोबत निघालो. बाकीच्या बाया आपापल्या मोहांकडे वळल्या, दोनशे पावलांवर त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. एकीनं "हूऽ" करायचं, बाकीच्यांनी "हूऽ" करून उत्तर द्यायचं, म्हणजे सगळे आहेत हे कळतं. शकुबाई वाटेतच मागे फिरायला पाहत होती. आधी म्हणाली ऊन चढून राह्यलं. मग म्हणाली पोट दुखून राह्यलं. झाडाजवळ आल्यावर म्हणाली, "फुलं कमी हायेत, चाल माघारी." फुलांचा तर सडा पडला होता! दिव्यानी टोपली घेऊन पुढं गेली आणि बांबूच्या बेटाकडे पाठ करून वाकली. शकुबाई आणि मी अलीकडे, चाळीस-एक पावलांवर; काखेत टोपली आणि काठी धरून ती दोन-चार फुलं हातात घेऊन उभी होती. मी एका दगडावर बसून तंबाखू मळत होतो.

नाल्यापलीकडून वानर खकरलं, जनावर दिसलं की खकरतं तसं. एकदा, मग पुन्हा.

मी मान वर केली. बांबूच्या बुडाशी वाळलेला पाला होता आणि पाल्यात दोन कान होते. कानांच्या मधे कपाळ. ते कपाळ दिव्यानीच्या पाठीकडे बघत होतं. अंतर पंधरा-सोळा पावलं, जास्त नाहीच.

शकुबाईनंही पाहिलं होतं. तिच्या हातातली मोहफुलं एकेक करून खाली पडत होती.

"दिव्यानी," ती ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. "उभी राह्य."

"हव, राह्यतो," दिव्यानी वाकूनच म्हणाली. "एवढी टोपली भरू दे."

"दिव्यानी, ऊठ माय."

"झाले का तुझे बहाणे सुरू? मी नाई येत."

पाल्यातले कान मागे दबले. मला ओरडायचं होतं. आईशपथ सांगतो, मला ओरडायचं होतं. सोळा भाषांतला तो शब्द मला पाठ होता, व्याघ्रापासून लाओहूपर्यंत, आणि घशातून नुसता वारा निघत होता. तंबाखू हातातच राहिली. असा नालायकपणा माझ्या हातून जन्मात झाला नव्हता.

शकुबाईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिच्या मनात काय चाललंय ते माझ्याइतकं कोणाला कळणार? नाव घेतलं तर तो उडी घालेल. एकदा घेतलं होतं, याच झाडाखाली. नाही घेतलं, तर पोर वाकलेलीच राहील.

बांबूच्या बुडाशी पाला खसकला.

"वाघ!"

असा आवाज मी बाईच्या तोंडून कधी ऐकला नाही. "वाघ! दिव्यानी, वाघ! वाघ!" आणि ती धावली, मागे नाही, पुढे, सरळ त्याच्या दिशेनं. हातातली काठी टोपलीवर बडवत, पदर जमिनीवर लोळत, दर पावलाला तो एकच शब्द. दिव्यानी ताडकन उभी राहिली. तो पाल्यातून अर्धा वर आला. केवढा तो! पोरीकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. छातीतून गुरगुरला. तिकडून बायांनी एकच गलका केला, डबे वाजवले. तो वळला. घाई केली नाही मेल्यानं. बांबूच्या कडेनं नाल्यात उतरला आणि दिसेनासा झाला.

त्यानंतरही शकुबाई ओरडतच होती. दिव्यानीनं तिला मागून मिठी घातली तेव्हा थांबली.

बाया काठ्या घेऊन धावत आल्या आणि आम्हाला मधे घेऊन बाहेर काढलं. जंगल संपून पहिली बांधी लागली, तिथं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आम्ही बसलो. कोणीतरी पाणी दिलं. मी शकुबाईला म्हणालो, "बाई, मले माफ करा. म्याच पाठवलं पोरीले. आन् वेळेवर माह्या तोंडातून शब्द नाई निघाला."

तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दिव्यानी रडत बोलत होती, "मले वाटलं तू बहाणेच करून राह्यली. मी उठणार नोती, आई. पन थो शब्द... तुह्या तोंडून म्या कधी आयकलाच नोता." शकुबाई तिच्या केसांतला पाला काढत होती. एकेक काडी काढायची, बाजूला ठेवायची.

मग ती माझ्याकडे वळली.

"म्या नाव घेतलं, गुर्जी."

"हव, बाई."

"कितीक खेपा घेतलं?"

"मोजलं नाई. पंधरा-वीस खेपा घेतलं असन."

"आन् थो गेला."

"गेला."

ती जंगलाकडे पाहत राहिली.

"मंग त्या दिवशी बी," शकुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज एवढासा झाला, "त्या दिवशी बी म्या नाई नं बलावलं त्याले?"

हेच तर मी अकरा वर्षं तिला सांगत होतो. किती तऱ्हेनं सांगितलं होतं, किती ओरडलो होतो! आता ती स्वतः विचारत होती. मी मान हलवली. नाही, बाई. नाही.

तिनं दिव्यानीची टोपली ओढून पोटाशी धरली. तळाशी ओंजळभर फुलं उरली होती, त्या झाडाची.

"वारलू," ती म्हणाली. "वारलू, म्या नाई बलावलं रे त्याले."

मयतीच्या दिवशी राहिलेलं रडणं तिला त्या धुऱ्यावर आलं. दिव्यानी तिला गप्प करायला पुढं झाली, तेव्हा मी पोरीचा हात धरला आणि म्हणालो, "रडू दे तिले."