निगेटिव्हवरची पेन्सिल

त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या मुलीचा उजवा डोळा झाकला, डावी पापणी बोटाने उचलली आणि विचारलं, "समोर कोण?" समोर मी होतो. ती म्हणाली, "बाबा कुठं गेले?"

तिला चौथं वर्ष चालू होतं. पापणीमागे रक्तवाहिन्यांची साधी गाठ होती. वाढत्या वयात विरणारी. तेवढं मी पुस्तकात वाचलं होतं आणि निवांत राहिलो होतो. झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही, हे डॉक्टरांकडून कळलं. "कधीपासून झाकलाय? जुने फोटो आणा."

फोटो होते. दर वाढदिवसाला एक. सगळ्यांत दोन्ही डोळे उघडे.

मंगळवार पेठेतले आमचे फोटोवाले तुम्हीही पाहिले असतील. कानावर पेन्सिल. गावात रंगीत फोटो आले तरी यांची भिस्त कृष्णधवलावर. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवून त्या पेन्सिलीने लोकांचे वांग, देवीचे व्रण घालवायचे. "वाईच थांबा पावणं, नवरदेव करतो तुमास्नी," हे सत्तरीच्या पेन्शनरालाही. तो हसला की खटका दाबायचे.

माझ्या मुलीपुढे मात्र थट्टा नसे. पहिल्या वर्षी विचारलं, "सर, डोळ्यावरचं हे ऱ्हाऊ दे का काढू?"

"काढा."

दुसऱ्या वर्षी, "डोळा यंदा आणखी झाकलाय की. दावलं का कुणाला?"

"जाईल आपोआप. तुम्ही काढा."

तिसऱ्या वर्षी त्यांनी न विचारताच पेन्सिल उचलली.

माझ्याकडून डॉक्टरांचं सांगणं ऐकल्यावर फोटोवाल्यांनी निगेटिव्हचा डबा उघडला. टर्पेंटाईनच्या बोळ्याने त्यांवरची स्वतःची पेन्सिल पुसली आणि तिन्ही फोटो नव्याने छापून दिले. अर्धा डोळा. चिरेएवढा डोळा. मिटलेली पापणी.

"पेन्सिल चालवाय नको हुती म्या."

"तुमचा काय दोष?" मी म्हणालो, आणि तेही मला तसंच म्हणतील म्हणून थांबलो. त्यांनी फोटो पाकिटात घालून माझ्यापुढे सरकवले.

डावा डोळा शिकावा म्हणून त्याची पापणी वर चिकटवून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून वर्षभर प्रयत्न केले. उपयोग झाला नाही.

पुढे एकदा त्यांच्या दुकानात एका मुलीची आई, स्थळाला पाठवायच्या फोटोतला गालावरचा डाग काढा म्हणून हटून बसली होती.

"हाय ते हाय, वैनी. ते काम सोडलं म्या."

"मग दुकान कशाला उघडून बसलाईसा?"

त्यांनी तिला दुसऱ्या फोटोवाल्याचा पत्ता सांगितला. गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे गेलं.

ते वारले त्यालाही आता चार वर्षं झाली. ते तीन फोटो माझ्या टेबलाच्या खणात आहेत. गाठ केव्हाच विरली, खूणही राहिली नाही. आता कोणीही फोटो काढला तरी मुलीचे दोन्ही डोळे उघडे येतात. डाव्याने तिला दिसत नाही.