जावयाचं वाण आणि लघवीची पट्टी

माझ्या जावयाला अफीमबाज ठरवलं ते माझ्या अनारशांनी. म्हणजे ठरवलं एका बिनडोक पट्टीनं, आणि ती वाचणाऱ्या तिच्याहून बिनडोक माणसांनी. पण माल माझ्या कढईतला होता, एवढं कबूल करणं भाग आहे. चंद्रपुरात एका खाजगी लॅबमध्ये लोकांचं रक्त-लघवी तपासण्यात माझी हयात गेली. साखर, कावीळ, पोटातली पोरं, सगळं मी लघवीत पाहिलं. त्यामुळे लघवी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मला कोणा टायवाल्यानं शिकवायची गरज नाही.

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. पोरीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक, म्हणून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं ठरलं. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कांडले, गुळात मळून ठेवले. आणि खसखस! दुकानातल्या अनारशावर खसखस असते ती मोजून घ्यावी अशी. आमच्या घरी अनारशाची एक बाजू पांढरीफेक दिसली पाहिजे, नाहीतर शेजारीण म्हणते की बाईनं जावयाला सुकंच वाटेला लावलं. अनारसा तुपात सोडताना ती बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. मी पुडाच्या पुडा रिकामा केला.

जावई बल्लारपूरच्या बाजूला एका कोळशाच्या खाणीत ठेकेदाराचा डंपर चालवतो. खाणीचं नाव सांगत नाही, सांगून तिचा मान कशाला वाढवू? माणूस असा की सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. आमच्याकडे तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा न खाणारा ड्रायव्हर म्हणजे पांढरा कावळा. त्याला नाद एकच, गोडाचा. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि मग आमच्या रीतीप्रमाणे आग्रह सुरू केला. एक माझा, एक तुमच्या सासऱ्यांच्या नावाचा, एक देवाचा. पाच तिथंच खाल्ले त्यानं. पोरगी अनारशाला हात लावत नाही, म्हणून बाकीचे डब्यातून ड्युटीवर गेले. दोन दिवसांत जावईबापूंनी वाणाचा फडशा पाडला. मला कोण आनंद झाला होता!

तिसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या गेटावर तपासणी लागली. कुठंतरी कोणाचा तरी डंपर उलटला होता म्हणे, तर आता सगळ्या ड्रायव्हरांच्या लघव्या पाहायच्या. रस्त्यातले खड्डे पाहायचे नाहीत, ब्रेक पाहायचे नाहीत, लघव्या पाहायच्या. गेटाजवळच्या पत्र्याच्या केबिनीत सेफ्टी ऑफिसर नावाचा एक इसम बसतो. पांढरं हेल्मेट, गळ्यात शिट्टी, आणि अंगात मालकाहून जास्त मालकी. त्यानं कप हातात दिला, पट्टी बुडवली, पाहिली, आणि वहीत लिहून टाकलं, अफू, पॉझिटिव्ह. गेटपास काढून घेतला. काय खाल्लं, काही औषध चालू आहे का, एक शब्द विचारला नाही. जावई म्हणाला की मी तर सुपारीही खात नाही. त्यावर तो म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

दुपारी बापू माझ्या दारात उभे. चेहरा पार उतरलेला. खाली मान घालून म्हणाले, "आई, मी काईच घेतलं नाई. तुमच्या पोरीची शपथ."

त्यांना तीन दिवसांची मुदत दिली होती. तेवढ्यात काही सिद्ध केलं नाही तर नाव काळ्या यादीत जाणार होतं. आणि ही यादी एका खाणीपुरती नसते. ठेकेदार एकमेकांना मोबाईलवर पाठवतात. एकदा नाव चढलं की इकडून वणीपर्यंत एकही गेट उघडत नाही. डंपर सोडून दुसरं काम बापूंना येत नव्हतं. गावी धानाची शेती दोन भावांची, तिथं तिसऱ्याला जागा नाही. आणि आमच्या गल्लीत तर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. काल ज्यांनी जावईबुवा म्हणून पाणी दिलं, ते आज म्हणत होते, दिसत तर नव्हता तसा.

मी सवयीनं विचारलं, दोन दिवसांत काय काय खाल्लं? त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि पहिलाच शब्द अनारसे आला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

खसखस अफूच्याच बोंडातून निघते. तिनं नशा होत नाही, पण बोंडातला चीक दाण्याला जरासा लागलेला असतो, आणि पट्टीला तेवढा पुरतो. पट्टी माणूस ओळखत नाही. औषधही धड ओळखत नाही. दुरून चालीवरून माणूस ओळखावा तसं तिचं काम. सर्दीच्या साध्या गोळीला ती भलत्याच नशेचं नाव देऊन मोकळी होते. म्हणूनच तिला चाळणी म्हणायचं, निकाल म्हणायचा नाही. चाळणीत राहिलेलं पुन्हा मोठ्या मशीनवर तपासायचं असतं. हे पाकिटावर छापलेलं असतं, पण पाकीट वाचायचं म्हणजे हेल्मेट काढावं लागतं.

त्यात उन्हाळा चंद्रपूरचा. डंपरवाले ड्युटीवर पाणी पीत नाहीत, कारण खाणीत मध्येच उतरायची सोय नाही. मग लघवी होते जवसाच्या तेलासारखी, आणि तिच्यात जे असेल ते दाट दिसतं. उलट खरा गर्दुल्ला हुशार असतो. तो तपासणीची कुणकुण लागली की दोन तांबे पाणी ढोसतो आणि पट्टीसमोरून साधुसंतासारखा निघून जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सेफ्टीच्या नावानं भाषण!

घरात देवाचे आणि शेजारणीचे म्हणून काढून ठेवलेले डझनभर अनारसे उरले होते. संध्याकाळी मी डबा घेऊन बसले. माझी साखर काठावरची, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. पोरगी ओरडत राहिली, मी खात राहिले. सात तेव्हा संपवले, पाच सकाळी उठून. पाणी घोटभरच प्यायले. घशाशी आलं, मळमळलं, पण गिळलं. मग पदर खोचला, बापूंच्या गाडीवर मागं बसले आणि खाणीवर गेले.

केबिनीत सेफ्टीवाला होता, आणि आठवड्यातून दोनदा सह्या करायला येणारा एक तरुण डॉक्टरही. पट्ट्यांचं खोकं पत्र्याला टेकलेल्या फळीवर ठेवलं होतं. खोक्यावर छापलेलं, तीस अंशांच्या खाली ठेवा. त्या केबिनीत पापड नुसता ठेवला तरी भाजला असता. मी बोट दाखवलं तर सेफ्टीवाला म्हणाला की मावशी, कंपनीचा माल आहे, चांगलाच असणार. कालचा नमुना कुठे आहे, विचारलं. फेकला. पट्टी? तीही फेकली. रेघ दिसत होती की नव्हती? त्याला आठवेना. या पट्टीत रेघ उमटली तर माणूस निर्दोष, नाही उमटली तर शंका. आणि फिकट रेघ ही पण रेघच असते. हे ऐकून तो डॉक्टरकडे पाहायला लागला, आणि डॉक्टर पंख्याकडे. एका माणसाची भाकरी काढून घेतली, आणि पुरावा गटारात! सांडलेल्या दुधाचा हिशेब मांजर तरी याच्याहून बरा देईल.

मी म्हटलं, आज पुन्हा तपासा. तर सेफ्टीवाला हसला. म्हणे, आज काय येणार, एव्हाना उतरलं असेल. म्हणजे आलं तरी हा गुन्हेगार आणि नाही आलं तरी हाच गुन्हेगार. अशा तपासणीला लघवी तरी कशाला पाहिजे? पोपटवाला बसवावा गेटावर, स्वस्तात पडेल.

मी खसखशीचं सांगितलं. डॉक्टरनं ओठ दाबून हसू आवरलं. "काकू, अनारसे खाऊन कोणाला नशा होते का हो?"

"नशा नाई होत, डॉक्टरसाहेब. पट्टी होते. तेच तर केव्हाचं सांगून राह्यले."

आणि सेफ्टीवाल्यानं पुन्हा तेच म्हटलं, की मावशी, सगळे असंच म्हणतात. त्या वाक्यानं मी अशी पेटले की बापूंनी माझा हात धरला. एवढं का लागलं ते मला तेव्हा कळलं नाही.

"मले कप द्या," मी म्हणाले.

तुम्ही कामगार नाही, नियमात बसत नाही, असलं बरंच बोलून झालं. शेवटी डॉक्टरनंच गंमत म्हणून कप दिला. म्हातारीचा तमाशा पाहू, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. बाईमाणसासाठी त्या गेटावर संडास नाही. सेफ्टीच्या पुस्तकात ते पान नसावं. कँटीनच्या मागं जाऊन मी कप भरून आणला आणि सेफ्टीवाल्याच्या वहीशेजारी ठेवला. पट्टी मी बुडवू दिली नाही त्याला, डॉक्टरला बुडवायला लावली. पाच मिनिटं चौघेही त्या कपाभोवती देवापुढं बसावं तसे बसलो.

वरची रेघ आली, म्हणजे पट्टी जिवंत होती. बाकी नशांच्या रेघा आल्या. अफूच्या जागी काहीच नाही. कोरं.

"लिहा वहीत," मी म्हणाले. "वय साठ, धंदा घरकाम, अफीमबाज. आणि माझ्या शेजारणीलेही बोलवा, ती पण दोन खाऊन गेली."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. इतक्या वेळात तो पहिल्यांदा बापूंशी बोलला. विचारलं, किती खाल्ले होते? बापूंनी सांगितलं. हा एक प्रश्न कालच विचारला असता तर फुकटात पडला असता. डॉक्टर तसा वाईट नव्हता, नुसता आळशी होता. पण आळशी माणसाच्या सहीनंही नोकरी तेवढीच जाते.

माझाच नमुना मग नागपूरला मोठ्या मशीनवर गेला, कारण बापूंचा तर गटारात होता. उत्तर आलं, अफूतलंच द्रव्य आहे, पण अगदी नाममात्र. आणि ते कुठून आलं, हे मशीनलाही सांगता येत नाही. मशीन काय आणि किती ते सांगतं. कसं आलं ते समोरच्या माणसालाच विचारावं लागतं. डॉक्टरनं त्याच्याखाली चार ओळी लिहिल्या, आणि आठवडाभरानं गेटपास परत मिळाला. माफी कोण मागतो! वहीत लिहिलं, ताकीद देऊन कामावर घेतले. कशाची ताकीद, जावई झाल्याची? आणि गेटावर नोटीस लागली की कामगारांनी डब्यात खसखशीचे पदार्थ आणू नयेत. पट्ट्यांचं खोकं मात्र त्याच फळीवर, त्याच पत्र्याखाली होतं. बापूंनी मुद्दाम पाहून मला सांगितलं.

मी गल्लीत ही हकीकत तिखटमीठ लावून सांगत सुटले. सेफ्टीवाल्याची नक्कल करायचे, बाया पोट धरून हसायच्या. एकदा बापू ओट्यावर बसून ऐकत होते. सगळ्या गेल्यावर ते हळूच म्हणाले, "आई, तुम्ही होत्या म्हणून वाचलो. सगळ्यांची सासू काही लॅबमधी नसते."

त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मी हसले, आत गेले, आणि चुलीपाशी उभी राहिले तसं मला सेफ्टीवाल्याचं ते वाक्य आधी कुठं ऐकलं होतं ते आठवलं.

लॅबमध्ये असताना आमच्याकडे रखवालदारांच्या भरतीच्या तपासण्या यायच्या. एक पोरगा एटापल्लीच्याही पलीकडल्या जंगलातल्या गावाहून आला होता, दोन बस बदलून. धड मराठीही येत नव्हती, बोलता बोलता मध्येच गोंडी यायची. त्याची अफूची पट्टी कोरी निघाली. मी पॉझिटिव्ह लिहिलं. मोठ्या मशीनचं नाव काढलं नाही, कारण भरतीवाल्यांनी तेवढं मागितलं नव्हतं आणि बाहेर रांग होती. तो कागद घेऊन गेला, आणि थोड्या वेळानं परत येऊन दारात उभा राहिला. खिशातून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढून दाखवत होता. त्या औषधात अफूतलंच द्रव्य असतं, हे सेफ्टीवाल्याला माहीत नसेल. मला पाठ होतं.

"बाई," तो म्हणाला, "मले खोकला होता."

मी पुढच्या कपावर नाव लिहीत होते. मान वर केली नाही. म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."