पाच चमचे, एक कप

रहिमतपूरच्या स्टेशनावर वडील मला पोचवायला आले होते. गाडी येईपर्यंत त्यांनी एकच प्रश्न चारदा विचारला. "चहा पिऊन पगार? कोन देतं रं?" फौजेतल्या मामाने मला कोचीनला, चहाचे लिलाव करणाऱ्या एका कचेरीत चिकटवलं होतं, तेही कप विसळायला. चहा चाखायचा तो साहेबांनी. पण एवढंही मला धड सांगता आलं नाही.

दोन वर्षांत साहेबाला माझी जीभ पटली आणि हातात चमचा आला. ओळीने मांडलेले पन्नास कप, सगळा कोरा चहा. चमचाभर फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. चांगल्या चहाला आम्ही 'ब्रिस्क' म्हणायचो. तो जिवंत असतो. आधी हिरड्यांना चिमटा काढतो, मग जीभ आवळतो, आणि थुंकल्यावरही कच्चं बोर चावल्यासारखं तोंडाला पाणी सुटत राहतं. ज्यात हे नाही तो 'फ्लॅट', म्हणजे मेलेला.

हे मी पत्रातून पानंच्या पानं लिहायचो. गावात राहिलात ते तुम्ही हसाल, पण बाहेर पडलेल्यांना ठाऊक आहे, आपण शिकलेलं घरी कळावं म्हणून जीव किती तुटतो ते. उत्तर यायचं, "ग्वाड असतो का?" कपाळ माझं!

पहिल्या रजेला उत्तम पत्ती घेऊन आलो. घड्याळ लावून पाच मिनिटं चहा झाकून ठेवला. पाठ वळताच आईने तो पातेल्यात ओतला, गुळाचा खडा टाकला आणि रटरट उकळला. "कच्चा ऱ्हायला हुता रं." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ओरडलोच, "आवं आबा, सांगा की हिला! जित्ता चहा मारतीया ही!"

वडील म्हणाले, "तितं तुजा कप कुटं ठेवत्यात?"

गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर वळचणीला असायचा, आपला आपण विसळायचा. छप्पन साली धम्म घेतल्यावर वडिलांनी तो दगडावर आपटला आणि पुन्हा त्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत.

"येगळा कप न्हाई, आबा. एका कपात पाच जणांचे पाच चमचे. सायबाचा बी त्यातच."

"त्वांडात घातल्याला चमचा? उष्टा?"

"उष्टाच."

वडील सावरून बसले. "मंग कर तुजा चहा."

कोराच प्याले. तोंड वाकडं झालं, पण आईने पुढे केलेला गूळ घेतला नाही. सांजेपर्यंत सगळ्या वस्तीला बातमी होती. चवीबद्दल एक अक्षर नाही, नुसते चमचे! एवढी जीभ झिजवली ती कशाला, म्हणून मी रजा संपेपर्यंत धुसफुसत होतो.

आता माझं बिऱ्हाड कोचीनलाच आहे, आईवडील राहिले नाहीत. तरी गावी आलो की आधी त्या हॉटेलात जातो. चहा भिकार असतो, तासभर उकळलेला. मी मालकाला तसं तोंडावर सांगतो, तो हसतो आणि दुसरा तसलाच आणून ठेवतो. गाव म्हणजे आता मला तेवढं बाकडं. आत बसायचं, त्यांच्याच कपातून प्यायचं आणि त्यांच्या चहाला मोठ्याने नावं ठेवायची. वडिलांना ते कधी करता आलं नाही.