पहिल्या खांद्याचा कागद

ती घटना आठवली की आजही मला बसल्या जागी चैन पडत नाही. खून-दरोडे पुष्कळ पाहिले, त्यांनी कधी झोप उडवली नाही. हिने उडवली, आणि मुद्देमाल काय, तर संगणकावरचा एक कागद!

कवठे महांकाळच्या बाजूला एका पोलीस ठाण्यावर माझी नेमणूक होती. तिथल्या एका गावची, मेंढपाळाच्या घरातली मुलगी विद्यापीठात इतिहासाचं संशोधन करत होती. इस्लामपूरला एका व्याख्यानात तिने सांगितलं, की गावदेवाच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आपला होता, असं मेंढपाळांचं जुनं गाऱ्हाणं तिने मोडी कागदात वाचलं आहे. मोबाइलवर काढलेला त्याचा फोटोही दाखवला. तो फोटो गावात फिरला आणि वणवा पेटला. त्या वेळी हा मान ज्यांच्याकडे होता, त्या मानकऱ्यांनी तक्रार दिली. कागद बनावट आहे, पोरगी गावात तेढ लावते आहे.

जत्रा तोंडावर आली होती. सकाळच्या हजेरीनंतर गोपनीयचं काम बघणाऱ्या, गावोगावच्या खबरा आणणाऱ्या हवालदाराने मला बाजूला घेतलं.

"सायेब, मानकऱ्यांची बैठक झाली. परवापतूर पोरीवर गुन्हा न्हाई घातला तर तिच्या बापाच्या वस्तीवर जानार हायती. लय तापल्यात."

वस्तीवर बंदोबस्त लावला. पण मनुष्यबळ एवढं तोकडं, की तो पुरात काठी रोवण्यासारखाच प्रकार होता. वरून साहेबांचा फोन आला, गुन्हा दाखल करून टाका, वातावरण निवळेल. हे निवळणं कसं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मुलीला अटक होणार, खोटा कागद केल्याचा शिक्का बसणार. मग संशोधन कसलं आणि गावात राहणं कसलं!

मुलीला दिवसाउजेडी ठाण्यात बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसल्या. बाप दाराशी उभा, बसा म्हटलं तरी बसेना.

"कागद कुठं पाहिलास?"

"विद्यापीठाच्या ग्रंथालयात, संगणकावर. जुन्या दप्तरांचे फोटो आहेत तिथं."

"त्याचा क्रमांक?"

"लिहून नाही घेतला, सर. एकातून दुसरं उघडत गेले. नंतर खूप शोधला, सापडत नाही."

"दप्तर कुठलं?"

"आठवत नाही."

खोटं बोलणारा माणूस सहसा 'आठवत नाही' म्हणत नाही. त्याच्याकडे प्रत्येक उत्तर घडी घालून ठेवलेलं असतं. ही वेडी मात्र स्वतःच्याच गळ्याचा फास आवळत होती. माझा तिच्यावर विश्वास बसला. पण विश्वास काही चौकशीच्या अहवालाला जोडता येत नाही.

तिला आणि महिला हवालदारांना घेऊन विद्यापीठ गाठलं. ग्रंथपाल बाईंनी मला समजावलं, की मूळ कागद ठिकठिकाणच्या दप्तरखान्यांत असतात, इथून त्यांची छायाचित्रं पाहता येतात. शोधताना मात्र ठिकाण किंवा विषय नेमका द्यावा लागतो. गावाचं नाव दिलं, काही नाही. तालुका, पालखी, जत्रा, देवस्थान, सगळं देऊन झालं. तेवढ्यात हवालदाराचा फोन. "सायेब, वस्तीवर मानसं जमाया लागल्यात."

मग मी पोलिसासारखा विचार केला. दुसरा येतोच कुठं! गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. घटना घडते एकीकडे, पण माणूस तक्रार देतो तो जिथं असेल तिथं. दुसऱ्या हद्दीतला गुन्हा आम्ही शून्य क्रमांकाने नोंदवून घेतो, तो याचसाठी.

"जत्रा झाली की तुमची माणसं गावातच राहतात का गं?"

"नाही सर. मेंढरं घेऊन आष्ट्याकडं उतरतात. खतासाठी तिथल्या शेतांत मेंढरं बसवतात..." बोलता बोलता ती थांबली. विद्यापीठाची भाषा गळून पडली. "आवं सर, गाऱ्हानं तिथनंच दिलं आसनार की!"

बाईंनी आष्टा टाकलं. चराईच्या कागदांचं एक दप्तर निघालं. पानामागून पान पुढं सरकत होतं आणि आम्ही सगळे पडद्यावर वाकून बघत होतो. अखेर तो कागद आला. फोटोत होता तोच फाटका कोपरा, तोच डाग. मुलगी ढसाढसा रडली. खोटं कशाला बोलू, माझेही डोळे भरून आले.

बाईंनी क्रमांकासह शिक्क्याची प्रत दिली. परत येताच मानकऱ्यांना वस्तीवरून ठाण्यात बोलावून घेतलं आणि ती त्यांच्यापुढे ठेवली. म्होरक्याने उलटसुलट करून पाहिली.

"बरं, कागद खरा. पन खांदा आमचाच."

"ते कोर्टात भांडा. पोरीच्या केसाला धक्का लागला, तर आत तुम्ही जाल."

तक्रार निकाली काढली. जत्रा बंदोबस्तात पार पडली. त्यानंतर मुलीचा बाप मला भेटायला आला.

"सायेब, येक इचारू? कागद घावला नसता, तर माजी पोरगी खोटी ठरली आसती व्हय?"

उत्तर 'हो' असंच होतं. झडतीच्या पंचनाम्यात आम्ही 'मिळून आला नाही' असं लिहितो आणि वाचणारा 'नव्हताच' असं धरून चालतो. आपण शोधलं कुठं, हे कुणी विचारत नाही. त्या प्रकरणानंतर मी सेवेत होतो तोवर, सही करण्याआधी ते विचारत राहिलो.

त्या बापाला मात्र 'हो' म्हणायचा धीर मला झाला नाही. मी म्हणालो, चहा घ्या. त्याने चहा घेतला नाही.